वाचकांचे प्रश्न : पांढऱ्या पेशींचा रिपोर्ट मुलाच्या वयाने वाचा

तापाची साथ सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांसोबत सीबीसीचे, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचे, रिपोर्ट येऊ लागतात. पत्रं वेगवेगळ्या गावांहून येतात, पण बहुतेक काळजीचं मूळ एकच असतं : आकडा लहान मुलाचा आणि त्याच्या शेजारी छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा मोठ्या माणसाची. त्यातली काही पत्रं आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. औषधाचं प्रमाण जिथे दिलं आहे तिथेही अंतिम निर्णय मूल प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचाच.

प्रश्न : मुलगी अडीच वर्षांची आहे. तीन दिवस ताप होता म्हणून रक्त तपासलं. एकूण पांढऱ्या पेशी १३,२००, न्यूट्रोफिल ३० टक्के, लिम्फोसाइट ६२ टक्के. लॅबने एका आकड्यापुढे ‘कमी’ आणि दुसऱ्यापुढे ‘जास्त’ असं ठळक छापलं आहे. मोबाइलवर शोधलं तर थेट रक्ताच्या कर्करोगाचं नाव आलं. तेव्हापासून जिवाला घोर लागला आहे. — एक आई, नाशिक

उत्तर : ताई, अडीच वर्षांच्या मुलीसाठी हे तिन्ही आकडे ठीक आहेत. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट हे पांढऱ्या पेशींचेच दोन मुख्य प्रकार.

पांढऱ्या पेशींची संख्या वयाबरोबर बदलत जाते. जन्मल्या दिवशी ती प्रति घनमिलिमीटर ९,००० ते ३०,००० इतकी असू शकते. वर्षाच्या बाळात साधारण ६,००० ते १७,५००, चार वर्षांच्या मुलात ५,५०० ते १५,५००, दहाव्या वर्षी ४,५०० ते १३,५०० आणि मोठ्या माणसात ४,००० ते ११,०००. तुमच्या मुलीचे १३,२०० मोठ्यांच्या तक्त्यात ‘जास्त’ ठरतात, तिच्या वयाच्या तक्त्यात नाहीत.

टक्क्यांचंही तसंच आहे. जन्माच्या वेळी न्यूट्रोफिल जास्त असतात. चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास लिम्फोसाइट त्यांना मागे टाकतात आणि पुढची चार-पाच वर्षं तेच बहुसंख्य राहतात. या काळात शरीराची ओळख रोज नव्या जंतूंशी होत असते आणि ती ओळख लक्षात ठेवण्याचं काम लिम्फोसाइटांचं. चार-पाच वर्षांच्या आसपास दोन्ही बरोबरीला येतात आणि मग हळूहळू न्यूट्रोफिल पुन्हा वर जातात. म्हणजे अडीच वर्षांच्या मुलीत ६० टक्के लिम्फोसाइट असणं हेच नेहमीचं.

टक्क्यांवरून निष्कर्ष काढण्याआधी प्रत्यक्ष संख्या काढा. एकूण पेशींना टक्क्यांनी गुणायचं आणि १०० ने भागायचं. १३,२०० गुणिले ३० भागिले १०० म्हणजे ३,९६० न्यूट्रोफिल. वर्षावरच्या मुलात १,५०० च्या वर असले की पुरे. लिम्फोसाइट ८,१८४ येतात, तेही वयाला धरून आहेत. रिपोर्टमध्ये ‘अॅब्सोल्यूट’ असा वेगळा रकाना असेल तर हा हिशेब तिथे तयारच मिळतो. बरेच जण तो न पाहता टक्क्यांवरच थांबतात.

कर्करोगाची शंका घेताना डॉक्टर एकट्या पांढऱ्या पेशींवर जात नाहीत. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटही घसरले आहेत का, मूल पांढरंफटक पडलंय का, मार न लागता निळे डाग किंवा टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात का, रात्री पाय दुखतात म्हणून ते रडत उठतं का, चालायचं टाळतं का, दोन आठवड्यांहून जास्त ताप आहे का, यकृत-प्लीहा आणि गाठी वाढल्या आहेत का, हे सगळं एकत्र पाहिलं जातं. अशी शंका असेल तर पुढची पायरी म्हणजे पेरिफेरल स्मिअर : काचेवर रक्ताचा पातळ थर देऊन पॅथॉलॉजिस्टने सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहणं. मशीन पेशी मोजतं, पण अपरिपक्व पेशी ओळखण्यात चुकू शकतं. एक गोष्ट आवर्जून सांगतो. असं काही लक्षण असताना स्मिअर होईपर्यंत मुलाला स्टिरॉइडचं औषध देऊ नये. त्याने ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) पेशी काही काळ दबतात, निदान लांबतं आणि पुढच्या उपचाराचं गणितही बिघडतं.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाच्या पांढऱ्या पेशी सोमवारी १६,८०० आणि बुधवारी दुसऱ्या लॅबमध्ये १०,९००. मधे अँटिबायोटिक दिलेलं नाही. कोणती लॅब चुकली समजायची? — ठाणे

उत्तर : दोन्ही लॅब बरोबर असू शकतात. रक्तवाहिनीतले सगळेच न्यूट्रोफिल रक्ताबरोबर वाहत नसतात. जवळपास निम्मे आतल्या भिंतीला टेकून असतात आणि मोजणीत येत नाहीत. मूल धाय मोकलून रडलं, हातपाय झाडले, ओकलं, घाबरलं की अॅड्रेनलिनच्या जोराने ते सुटून प्रवाहात येतात आणि काही मिनिटांत आकडा हजारांनी वाढतो. शांत झाल्यावर तो पुन्हा उतरतो. स्टिरॉइडच्या गोळीने किंवा सिरपनेही न्यूट्रोफिल काही तासांत वाढतात आणि त्याच वेळी लिम्फोसाइट व इओसिनोफिल (अॅलर्जीत आणि जंतांमुळे वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) घटतात. दम्याच्या झटक्यात प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलं असेल आणि दुसऱ्या दिवशी पेशी १८,००० आल्या, तर त्यावरून जंतुसंसर्ग ठरवता येत नाही. तापाचा दिवस कोणता होता यानेही फरक पडतोच.

नमुना घेण्यातल्या चुका वेगळ्या. बोट किंवा टाच टोचून घेतलेल्या रक्तात, विशेषतः नवजात बाळाच्या, पेशी शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त येतात. बोट जोरात पिळलं तर ऊतीतलं पाणी मिसळून आकडे खाली येतात. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त न गोठू देणारं ईडीटीए असतं. नळी आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटी-सुलटी करावी लागते, नाहीतर बारीक गुठळ्या होऊन प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी दोन्ही कमी मोजल्या जातात. प्लेटलेटचे पुंजके झाले तर उलट मशीन त्यांनाच पांढऱ्या पेशी समजू शकतं. मोठ्यांच्या दोन मिलिलिटरच्या नळीत बाळाचं अर्धा मिलिलिटर रक्त घातलं तर ईडीटीएचं प्रमाण जास्त होऊन पेशी आक्रसतात. म्हणून लहानांची छोटी नळी मागा. नमुना उन्हात, गाडीच्या डिकीत तासन् तास राहिला तर न्यूट्रोफिल विरघळू लागतात, आणि घरी येऊन रक्त नेणाऱ्यांकडून हे घडू शकतं. चार-सहा तासांत तपासणी व्हावी असं आधीच सांगून ठेवा.

सीबीसीसाठी उपाशी ठेवायची गरज नाही. उलट भुकेलं मूल जास्त रडतं. मुलाला मांडीवर घ्या, दहा-पंधरा मिनिटं शांत होऊ द्या, गेल्या आठवड्यातली औषधं चिठ्ठीवर लिहून न्या. आणि तुलना करायची असेल तर दोन्ही वेळा एकच लॅब धरा.

प्रश्न : अकरा महिन्यांच्या बाळाला ताप आणि पुरळ येऊन गेलं. आता खेळतंय, खातंय. पण रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी ३,९०० आणि न्यूट्रोफिल १२ टक्के. डॉक्टर म्हणतात थांबू या. थांबणं सुरक्षित आहे का? — पुणे

उत्तर : तुमच्या बाळाचे न्यूट्रोफिल ४६८ भरतात. ५०० च्या खालचा आकडा गंभीर गटात मोडतो. (५०० ते १,००० मध्यम, १,००० ते १,५०० सौम्य. वर्षाच्या आतल्या बाळात मात्र १,००० पर्यंतचा आकडा चालतो.) तरीही बाळ खेळतं आहे, नुकताच विषाणूचा ताप होऊन गेला आहे आणि हिमोग्लोबिन व प्लेटलेट नीट असतील, तर डॉक्टरांचं म्हणणं योग्य आहे. विषाणूजन्य तापात अस्थिमज्जेचं (हाडांच्या आतल्या, रक्तपेशी बनवणाऱ्या भागाचं) काम काही दिवस मंदावतं, पेशी ऊतींकडे वळतात आणि रक्तातला आकडा पडतो. एक-दोन आठवड्यांत तो बहुतेक वेळा आपोआप सावरतो. रिपोर्टमध्ये मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) वाढलेले दिसले तर चांगलं. मज्जा सावरताना आधी तेच वर येतात.

थांबायचं, पण कसं ते ठरवून. आठवड्याभरात सीबीसी पुन्हा करा, या वेळी स्मिअरसह. आकडा वर येत असेल तर तो १,५०० च्या पुढे जाईपर्यंत दर दोन आठवड्यांनी पाहणं पुरतं. तोवर काखेतला ताप ३८ अंश सेल्सिअसला, म्हणजे १००.४ फॅरनहाइटला पोचला, तर घरी पॅरासिटामोल देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्री असला तरी दवाखाना गाठा आणि दारातच सांगा की न्यूट्रोफिल ५०० च्या खाली होते. अशा मुलात पू होत नाही, जखम लाल होत नाही, छातीच्या फोटोत डागही उशिरा दिसतो, कारण ही सगळी चिन्हं उमटवणाऱ्या पेशीच कमी असतात. कधी कधी ताप हे एकच चिन्ह हाती लागतं. गुदद्वारातून थर्मामीटर किंवा औषधाची गोळी घालू नका, तिथल्या सूक्ष्म ओरखड्यातून जंतू रक्तात जाऊ शकतात. हिरड्या आणि तोंडाच्या कडा रोज पाहा. लसी थांबवायच्या का हे डॉक्टरांना विचारा. न्यूट्रोफिल कमी आहेत एवढ्याच कारणाने त्या सहसा थांबवत नाहीत.

आकडा तीन महिने खालीच राहिला तर बहुधा बाळाच्या शरीरात न्यूट्रोफिलविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार झालेली असतात. हा प्रकार बहुतेक वेळा सहा ते पंधरा महिन्यांच्या वयात सापडतो, आकडा घाबरवणारा असूनही गंभीर आजार क्वचितच होतात आणि चार-पाच वर्षांचं होईपर्यंत तो बहुतेक मुलांत जातो. दर तीन आठवड्यांनी ताप आणि तोंडात फोड येत असतील तर चक्राकार न्यूट्रोपेनियाचा (ठरावीक अंतराने न्यूट्रोफिल घटण्याच्या आजाराचा) विचार करावा लागतो. त्यासाठी सहा आठवडे आठवड्यातून दोनदा सीबीसी करून चढउतार मांडतात, एकाच रिपोर्टवरून तो कळत नाही. आणखी एक कारण औषधं : को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक, फिट्सवरची काही औषधं. ती चालू असतील तर डॉक्टरांना आठवण करून द्या, पण स्वतःहून बंद करू नका.

प्रश्न : सात वर्षांचा मुलगा, वजन २० किलो, तापाचा तिसरा दिवस. डेंग्यूची एनएस-१ तपासणी पॉझिटिव्ह, पांढऱ्या पेशी २,८००, प्लेटलेट १,४०,०००. शेजारी पपईच्या पानांचा रस द्या म्हणतात. — कोल्हापूर

उत्तर : डेंग्यूत पांढऱ्या पेशी आधी पडतात, प्लेटलेट नंतर. २,८०० हा आकडा डेंग्यूला साजेसाच आहे आणि त्यासाठी वेगळं औषध नाही. धोका आहे तो ताप उतरतानाच्या ४८ तासांत, सहसा तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान. त्या काळात रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं. ताप गेला म्हणून घरचे निश्चिंत होतात आणि नेमकं तेव्हाच मूल थंडगार पडतं. म्हणून या टप्प्यात प्लेटलेटइतकंच हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण) पाहा. आधी ३६ होतं आणि ४३ झालं, म्हणजे २० टक्क्यांच्या आसपास वाढ झाली, तर रक्त घट्ट होतंय. अशा मुलाला दाखल करावं लागतं. पोट सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी, सुस्ती किंवा चिडचिड, हातपाय गार, सहा तास लघवी न होणं : यातलं एक जरी दिसलं तरी लगेच निघा.

घरी थोडं थोडं पण सारखं पाजत राहा. ओआरएस, पेज, ताक, नारळपाणी, वरणाचं पाणी चालेल. नुसत्या साध्या पाण्यावर भागवू नका. बीट, डाळिंब किंवा लाल सरबतं टाळा, उलटी झाली तर रक्त की रंग हे ओळखता येत नाही. तापाला फक्त पॅरासिटामोल, किलोला १५ मिलिग्रॅम. म्हणजे तुमच्या मुलाला एका वेळी ३०० मिलिग्रॅम, किमान सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. बाटली नीट वाचा. पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ६ मिलिलिटर होतात, १२० मिलिग्रॅमचं असेल तर १२.५. आणि थेंबांच्या बाटलीत एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतात. या तिन्हींची गल्लत झाली की कधी ताप उतरत नाही, तर कधी यकृताला इजा होते. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अॅसिड, अॅस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव वाढतो.

पपईच्या पानांच्या रसावर विसंबू नका. कडू रसाने मुलं ओकतात आणि जे पाणी पोटात टिकायला हवं तेच बाहेर जातं. प्लेटलेट सातव्या-आठव्या दिवसानंतर तसेही आपोआप चढतात.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीच्या इओसिनोफिल १४ टक्के, एकूण पेशी ९,६००. जंताचं औषध द्यावं का? — सावंतवाडी

उत्तर : प्रत्यक्ष संख्या १,३४४ येते. ५०० च्या वर असेल तर वाढ धरतात, तेव्हा वाढ आहे. जंत, दमा, त्वचेचा इसब, नाकाची अॅलर्जी, खरूज, एखादं औषध, यांपैकी काहीही असू शकतं. शाळेत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास जंतनाशक दिनाला दिलेली गोळी तिने घेतली होती का ते आधी पाहा. घेतली नसेल तर अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी चावून खाऊ द्या. (एक ते दोन वर्षांच्या बाळाला निम्मी, कुटून पाण्यात.) चार-सहा आठवड्यांनी आकडा पुन्हा पाहा. आकडा ३,००० च्या पुढे असेल आणि रात्री कोरडा खोकला-धाप असेल तर हत्तीरोगाच्या कृमीमुळे होणाऱ्या इओसिनोफिलियाचा विचार करावा लागतो. त्याचं औषध डॉक्टरांनीच द्यायचं.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा, सिकलसेलचा रुग्ण. बरा असतानाही पांढऱ्या पेशी १६-१७ हजार असतात. दर वेळी नवा डॉक्टर अँटिबायोटिक लिहून देतो. — गडचिरोली

उत्तर : सिकलसेलमध्ये (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकण्याच्या आनुवंशिक आजारात) बऱ्या अवस्थेतही १२ ते २० हजार पेशी असू शकतात, कारण शरीरात सौम्य दाह सतत चालू असतो. शिवाय केंद्रक असलेल्या अपक्व तांबड्या पेशींना काही मशीन पांढऱ्या समजतात. मूल ठणठणीत असतानाचे दोन-तीन रिपोर्ट एका वहीत डकवून ठेवा आणि नव्या डॉक्टरांना आधी ती वही दाखवा. त्याच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा किती वाढ झाली ते महत्त्वाचं.

पण तापाच्या बाबतीत ढिलाई नको. या मुलांची प्लीहा पहिल्या काही वर्षांतच निकामी होत जाते आणि न्यूमोकोकससारखे जंतू गाळण्याचं काम तिचंच असतं. ३८.५ अंश, म्हणजे १०१.३ फॅरनहाइट ताप आला तर त्याच दिवशी, शक्यतो दोन-तीन तासांत रुग्णालय. रोजचं पेनिसिलिन तीन वर्षांपर्यंत १२५ मिलिग्रॅम आणि तीन ते पाच वर्षांत २५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा असतं. मूल बरं दिसतं म्हणून ते सोडू नका. न्यूमोकोकसची जादा लस दोन वर्षांनंतर दिली आहे का ते विचारा. डाव्या बरगडीखाली बोटं ठेवून प्लीहा लागते का ते नर्सताईंकडून शिकून घ्या. ती अचानक मोठी लागली आणि मूल फिकट पडलं तर लगेच निघा. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचं औषध सुरू असेल तर त्याने न्यूट्रोफिल खाली येतात, म्हणून त्या औषधावर सीबीसीची ठरलेली तारीख चुकवू नये.

प्रश्न : बाळ नऊ महिन्यांचं, फक्त अंगावरच्या दुधावर आहे. फिकट, सुस्त, आधी बसायचं ते आता बसत नाही. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट तिन्ही कमी. आमच्या घरी पूर्ण शाकाहार आहे आणि सुनेला दूध आवडत नाही. — आजी, जळगाव

उत्तर : आजी, हे पत्र छापून येण्याची वाट न पाहता आम्ही तुम्हाला बाळाला लगेच दाखवायला कळवलं आहे. इतरांसाठी इथे लिहितो. तुम्ही केलेल्या वर्णनात बी-१२ ची कमतरता पहिल्यांदा तपासायला हवी. पेशींचं केंद्रक दुभंगायला बी-१२ लागतं. ते नसलं की अस्थिमज्जेत पेशी मोठ्या होतात पण पक्व होण्याआधीच मरतात, म्हणून तिन्ही आकडे पडतात. स्मिअरमध्ये न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला पाच-सहा खंड दिसतात. बोटांचे सांधे काळपट होणं, मान-हात थरथरणं, हसणं कमी होणं ही त्याचीच लक्षणं. आईच्या शरीरात साठा नसेल तर तो दुधातही उतरत नाही, आणि आईला स्वतःला काही त्रास जाणवेलच असं नाही.

बी-१२ चं इंजेक्शन देण्याआधी बाळाचं आणि आईचं रक्त घेतलं पाहिजे, नंतर पातळी कळत नाही. नुसतं फॉलिक अॅसिड किंवा नुसतं लोहाचं टॉनिक देऊ नका. फॉलिक अॅसिडने रक्त सुधारतं पण मेंदूची इजा चालूच राहते. बी-१२ सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत रक्तातलं पोटॅशियम उतरू शकतं आणि काही बाळांत थरथर तात्पुरती वाढते. म्हणून सुरुवात दवाखान्यात आणि थोड्या मात्रेने करतात. लोहही कमी असेल तर तांबड्या पेशींचा आकार नेहमीचाच दिसतो आणि निदान हुकतं. तेवढ्यावरून बी-१२ नाकारू नये. सुनेलाही उपचार लागणार. तिला यात दोष देऊ नका, बहुतेक घरांत ही गोष्ट कुणी सांगितलेलीच नसते. पूर्ण शाकाहारी घरात बी-१२ दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळतं. पालेभाज्या आणि मोड आलेल्या कडधान्यांत ते नसतं. गरोदरपणापासूनच गोळी घेतलेली बरी. आणि सहा महिने पूर्ण झाले की वरचं खाणं सुरू करायलाच हवं : घट्ट वरण-भात, तूप, नाचणी सत्त्व, कुस्करलेलं केळं, दही.

प्रश्न : शेजारच्या वस्तीत गोवराची साथ आहे. सासूबाई म्हणतात, एकदा येऊन गेला की मूल कणखर होतं. लस द्यावी का? — भिवंडी

उत्तर : जरूर द्या. गोवराचा विषाणू ज्या पेशींत पूर्वीच्या आजारांची स्मृती साठलेली असते त्यांनाच मारतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांच्या रक्तात गोवरानंतर आधीच्या जंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झालेली आढळली. म्हणजे मूल कणखर होण्याऐवजी दोन-तीन वर्षं न्यूमोनिया आणि जुलाबांना जास्त बळी पडतं. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, मालेगाव आणि तुमच्या भिवंडीतही गोवर पसरला होता आणि मुंबईत मुलं दगावली. नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिला डोस, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा. साधी सर्दी असली तरी लस पुढे ढकलू नका. त्याबरोबरचं जीवनसत्त्व अ नऊ महिन्यांना एक लाख युनिट, नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख. गोवर झालाच तर ते लागोपाठ दोन दिवस उपचार म्हणून देतात. पुरळ आल्यावर खाणं आणि अंघोळ बंद करू नका. मुलाने प्रेडनिसोलोन दिवसाला २० मिलिग्रॅम किंवा किलोला २ मिलिग्रॅम या प्रमाणात दोन आठवडे किंवा जास्त घेतलं असेल, तर मात्र गोवराची जिवंत लस औषध थांबल्यावर महिनाभराने द्यावी लागते.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून दर महिन्याला सर्दी-खोकला. प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर, काढा यांचा उपयोग होतो का? कुठली तपासणी करावी? — डोंबिवली

उत्तर : शाळेत किंवा पाळणाघरात नव्याने जाणाऱ्या मुलाला वर्षात आठ ते दहा वेळा सर्दी होऊ शकते. प्रत्येक वेळी नाक आठवडा-दहा दिवस वाहतं आणि खोकला तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळतो. पावसाळ्यात हे एकामागून एक आलं की मूल सतत आजारी वाटतं. आईकडून नाळेतून मिळालेली प्रतिपिंडं सहाव्या महिन्यापर्यंत संपलेली असतात (वेळेआधी जन्मलेल्या बाळाला ती मुळातच कमी मिळतात, कारण मोठा साठा शेवटच्या तीन महिन्यांत येतो) आणि स्वतःची पूर्ण पातळीला यायला काही वर्षं लागतात. मधल्या काळात वजन-उंची वयाप्रमाणे वाढत असेल आणि दोन आजारांच्या मधे मूल पूर्ण बरं होत असेल तर काळजी नसावी.

पुढचं काही दिसलं तर मात्र तपासणी हवी : वर्षात दोन न्यूमोनिया, वर्षात चार किंवा जास्त वेळा कान फुटणं, दोन महिने अँटिबायोटिक देऊनही उतार नाही, त्वचेखाली किंवा आत वारंवार गळवं, पहिल्या वर्षानंतरही तोंडात पांढरी बुरशी, वजन न वाढणं, घराण्यात लहानपणी झालेले मृत्यू. तान्ह्या बाळाची नाळ महिनाभर पडली नाही आणि पांढऱ्या पेशी खूप वर असतील, तर पेशींना रक्तवाहिनीबाहेर पडता येत नसल्याची शंका घेतात. तान्ह्या बाळाचे लिम्फोसाइट २,५०० च्या खाली असतील तर तोही मोठा इशारा आहे, आणि तिथे बीसीजीसारखी जिवंत लस धोक्याची ठरते. अशा तपासण्या मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्थेत होतात. बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी आणि जुने सगळे सीबीसी घेऊन जा. इम्युनोग्लोब्युलिनची (प्रतिपिंडांच्या पातळीची) तपासणी केलीत तर तीही वयाच्या तक्त्याने वाचायला सांगा.

पावडरींवर खर्च करू नका. त्यात बहुतांशी साखर आणि माल्ट असतं, ते पिऊन मूल जेवण टाळतं. आलं-तुळशीचा पातळ काढा चमचाभर दिला तर बिघडत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. गुळवेल आणि कुठलीही भस्मं मुलांना रोज देण्याच्या विरोधात आम्ही आहोत. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत, आणि भस्मांत शिसं सापडू शकतं.

घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ते बंद होणं हा या वयातला मोठा उपाय आहे. गॅलरीत जाऊन ओढली तरी धूर कपड्यांवर येतो. डासांची कॉइल आणि धूप बंद खोलीत लावू नका. साडेतीन वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप हवी. शाळा सकाळची असेल तर रात्री साडेआठला दिवा बंद झाला पाहिजे. शाळेतून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने २० सेकंद हात. सर्दीला अँटिबायोटिक मागू नका. हिरवट शेंबूड हे त्याचं कारण होत नाही, तो रंग न्यूट्रोफिलांमधल्या एन्झाइमचा असतो. जुलाब झालेच तर ओआरएसबरोबर झिंक २० मिलिग्रॅम रोज, पूर्ण १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि गोळ्या तिथेच राहतात, असं करू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला १० मिलिग्रॅम. गोळी चमचाभर पाण्यात किंवा अंगावरच्या दुधात विरघळते.